मिनिटाला बाराशे खिळे

एकोणिसाव्या शतकात मुंबईत खिळाछापावर छापलेले कोणतेही मराठी पुस्तक उचला. त्यातले प्रत्येक अक्षर कुणाच्या तरी चिमटीतून गेलेले असते. जुळारी उभा राहून समोरच्या लाकडी केसमधून एकेक खिळा, म्हणजे धातूचा अक्षरठसा, उचलायचा, हातातल्या पट्टीत उलटा लावायचा, ओळ भरली की ती घट्ट बसवायची. इंग्रजी जुळाऱ्याला सव्वाशे-दीडशे खणांत भागत असे. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येक शे खण पसरलेले असत. छापून झाले की तेच खिळे धुऊन, सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. झिजलेला खिळा वितळवून नवा पाडायचा. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतायचा, गोठेपर्यंत थांबायचे, मग तो मोडून, घासून, उंची तपासून घ्यायचा. उंचीत केसभर फरक राहिला तरी ते अक्षर कागदावर पुसट उमटे किंवा कागद फाडे.

मुंबईने या कामात नाव कमावले होते. जावजी दादाजी यांची खिळे पाडण्याची फाऊंड्री आणि निर्णयसागर छापखाना १८६० च्या दशकात उभे राहिले, आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देवनागरी अक्षरांची वळणे देशभर गेली. कौशल्य होते, बाजार होता, वाचक वाढत होता. यंत्र मात्र बाहेरून येई. याच शहरात, याच दशकात, २९ एप्रिल १८६७ रोजी शंकर आबाजी भिसे यांचा जन्म झाला. पुढे अमेरिकेतली वर्तमानपत्रे त्यांना ‘हिंदुस्थानचा एडिसन’ म्हणू लागली. आपल्याकडे ते आज जवळजवळ विस्मरणात गेले आहेत, आणि जिथे आठवतात तिथे ‘दोनशे शोध लावणारा मराठी माणूस’ एवढ्या एका ओळीत आठवतात. ती ओळ खरी आहे, पण तिच्यामुळे त्यांची खरी गोष्ट झाकली जाते. भिसे यांनी आयुष्यभर यंत्रे शोधली आणि आयुष्यभर त्या यंत्रांची कंपनी उभी करण्यासाठी धडपड केली. यंत्रे चालली. कंपन्या एकामागून एक बसल्या. त्या का बसल्या, हे मला त्यांच्या शोधांच्या यादीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण केले. त्यांचा गुरू होता ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक. आपल्याला यंत्रांचे जे काही समजते ते त्या नियतकालिकामुळे, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. अशा स्वयंशिक्षिताला त्या काळच्या मुंबईत एक फायदा होता आणि एक तोटा. गिरण्या, रेल्वे, गोदी, टाकसाळ अशी शिकण्यासारखी यंत्रे डोळ्यांसमोर हलत होती, हा फायदा. त्यांतले जवळजवळ प्रत्येक यंत्र विलायतेहून आलेले, ते बसवणारा वरिष्ठ इंजिनियर विलायतेचा आणि सुटा भाग लागला तर तोही विलायतेहून मागवायचा, हा तोटा. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती १८८७ साली. तोवर भिसे विशीत पोहोचले होते.

त्या दिवसांत त्यांचे डोके कशाकशात चालत होते ते पाहिले की दमछाक होते. आतल्या मालात भेसळ करता येऊ नये अशी बाटली, विजेवर चालणारी सायकलची जोडणी, लोकलच्या प्रवाशाला पुढचे स्टेशन दाखवणारा दर्शक. हा दर्शक मला विशेष वाटतो. मुंबईच्या रोजच्या प्रवासातली अडचण पाहून मुंबईच्याच माणसाने काढलेले ते उत्तर होते. त्यांनी १८९३ साली मुंबईत सायंटिफिक क्लब काढला, आणि ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालवून वाचकांना साध्या भाषेत विज्ञान आणि कारागिरी समजावून देण्याचा प्रयत्न केला. दृष्टिभ्रमाच्या प्रयोगांतही ते रमले. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर एका वस्तूची दुसरी होताना दाखवणारे त्यांचे खेळ १८९५ च्या सुमारास मँचेस्टरपर्यंत गेले. आज या खेळांकडे आपण करमणूक म्हणून पाहू. त्या काळी आरसे, भिंगे आणि प्रकाश यांचे ज्ञान पोटापाण्याला लावण्याचा तो एक मार्ग होता, आणि विलायतेची वाट त्यांना पहिल्यांदा त्यानेच दाखवली.

विलायतेत स्थायिक व्हायला निमित्त झाले एका स्पर्धेचे. लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने किराणा दुकानात साखर-पीठासारखा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी बक्षीस लावले होते. भिसे यांनी मुंबईत बसून आराखडा पाठवला आणि ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवले. बक्षिसाची रक्कम किरकोळ होती, पण त्या निकालाने मुंबईतल्या पुढाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनला दादाभाई नौरोजींच्या नावे शिफारसपत्र दिले. शतक सरता सरता भिसे लंडनला पोहोचले.

दादाभाईंना त्यांच्यात काय दिसले असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. हिंदुस्थानची संपत्ती दरवर्षी इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब त्यांनी अनेक वर्षे मांडला होता; त्या लिखाणाचा मोठा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला. या प्रवाहाची दिशा उलट करायची तर इथल्या माणसाने स्वतः यंत्र करावे, त्याचे पेटंट घ्यावे आणि तेच इंग्रजांना विकावे, यापेक्षा चांगला पुरावा कोणता? फिन्सबरीचे माजी खासदार म्हणून दादाभाईंचे लंडनमध्ये वजन होते. पैसा मात्र फारसा नव्हता. तरीही जमेल तशी मदत ते देत राहिले. त्यांची कागदपत्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत भिसे यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आहे. राजकारणाच्या गठ्ठ्यांमध्ये पेटंट, नमुने आणि उधारी यांची ही पत्रे आढळतात, तेव्हा स्वदेशीचा विचार मँचेस्टरच्या कापडाच्या होळीपुरता नव्हता, हे लख्ख दिसते.

लंडनमध्ये भिसे यांनी शोधांचा सपाटा लावला. स्वयंपाकघरातली उपकरणे, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप, टेलिफोनमधल्या सुधारणा. ‘व्हर्टोस्कोप’ या नावाचे फिरत्या, झगमगत्या जाहिराती दाखवणारे यंत्र लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले. यांपैकी कुठल्याही एकावर एखाद्या माणसाने सुखाने संसार केला असता. पण त्यांच्या मनाने तोवर दुसराच ध्यास घेतला होता, आणि तो छापखान्याचा होता.

त्या ध्यासामागची परिस्थिती थोडक्यात सांगायला हवी. अमेरिकेत मर्गेनथालरच्या लायनोटाइप यंत्रावर १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ जुळवले गेले. माणूस कळा दाबतो, पितळी मातृका, म्हणजे अक्षरांचे साचे, ओळीत येऊन बसतात, त्यांवर धातूचा रस येतो आणि अख्खी ओळ एका तुकड्यात पडते. पाठोपाठ लॅन्स्टनचा मोनोटाइप आला. त्यात कागदी फितीला भोके पडतात, आणि ती फीत वाचून दुसरे यंत्र एकेक सुटा खिळा पाडते. सुट्या खिळ्यात दुरुस्ती सोपी, म्हणून पुस्तकांना मोनोटाइप बरा. घाईच्या वर्तमानपत्राला लायनोटाइप. अडचण वेगाची होती. एकाच साच्यात एका वेळी एक खिळा पाडायचा, तर रस गोठायला लागणारा क्षण कुणालाच चुकवता येत नाही. मिनिटाला दीडशे खिळ्यांच्या आसपास हे काम अडकत होते. भिसे यांनी ‘भिसोटाइप’ नावाने जे यंत्र आखले, त्यात खिळे पाडणे आणि जुळवणे मिनिटाला बाराशेच्या घरात जाईल असा त्यांचा दावा होता. छपाईच्या धंद्यातल्या जाणकारांनी त्याची दखल घेतली. बाराशे म्हणजे प्रचलित यंत्राच्या आठपट. हा आकडा खरा उतरला असता तर जगातल्या प्रत्येक फाऊंड्रीचे गणित बदलले असते.

या ठिकाणी गोष्ट तंत्राकडून पैशाकडे वळते. कागदावरचे पेटंट आणि छापखान्यात रात्रंदिवस चालणारे यंत्र यांच्यामध्ये फार मोठा खर्च असतो. नमुना करा, तो मोडेपर्यंत चालवा, सुधारा, पुन्हा करा. अचूक भाग करणारा कारखाना पाहिजे, दुरुस्तीला माणसे पाहिजेत, आणि एवढे झाल्यावर छापखानदाराने आपले चालू यंत्र मोडीत काढून नवे घ्यावे म्हणून उधारी देण्याची ताकद पाहिजे. लायनोटाइप आणि मोनोटाइप या दोन्ही कंपन्यांनी इंग्लंडमध्ये आपापले मोठे कारखाने आधीच उभारले होते, एकीने आल्ट्रिंचमजवळ, दुसरीने सरेमधल्या सॅलफर्ड्स इथे. अक्षरजुळणीच्या यंत्राने भल्याभल्यांना धुळीला मिळवल्याचा दाखलाही ताजा होता. अमेरिकेचा थोर लेखक मार्क ट्वेन याने पेज नावाच्या शोधकाच्या जुळणीयंत्रात आपली आणि बायकोची संपत्ती ओतली आणि १८९४ साली दिवाळे काढले. ते यंत्रही उत्तम चालत असे, फक्त फार नाजूक होते.

भिसे यांच्यासाठी भांडवल शोधायला दादाभाईंनी ज्यांना गाठले ते होते हेन्री हाइंडमन. हाइंडमन म्हणजे ब्रिटनमधल्या समाजवादी पक्षाचे संस्थापक, मार्क्सचे विचार इंग्रजीत आणणारे पहिल्या फळीतले प्रचारक, हिंदुस्थानच्या लुटीवर कडाडून बोलणारे. १९०५ साली लंडनच्या इंडिया हाऊसचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. ते सधन घरातले, केंब्रिजचे, एकेकाळी ससेक्सकडून क्रिकेट खेळलेले, आणि भांडवलाच्या बाजारात त्यांची ऊठबस होती. भांडवलशाहीवर तुटून पडणारा माणूस एका मुंबईकराच्या यंत्रासाठी भांडवलदारांचे उंबरठे झिजवतो, यात मला विसंगती दिसत नाही. हिंदुस्थानी माणसाला त्याच्या बुद्धीचे मोल मिळावे, ही त्यांची तळमळ सच्ची होती. १९०७ साली त्यांनी पंधरा हजार पौंड उभे करण्याचे अंगावर घेतले.

साल वाईट निघाले. त्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या बँकांवर गर्दी उसळली, धक्का लंडनपर्यंत आला आणि बँक ऑफ इंग्लंडने नोव्हेंबरात व्याजदर सात टक्क्यांवर नेला. अशा वेळी कुणी नव्या, न तपासलेल्या यंत्रात पैसे घालत नाही. शिवाय शोधक हिंदुस्थानी, त्याचा पाठीराखा समाजवादी. १९०८ च्या लंडनमध्ये ही जोडगोळी पैसेवाल्यांना किती विश्वासार्ह वाटली असेल? दादाभाई तर १९०७ च्या अखेरीस कायमचे हिंदुस्थानात परतून वेसाव्याला राहायला गेले होते. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि लंडनमध्ये हिंदुस्थानी तरुणांवर पाळत वाढली. पंधरा हजार पौंड कधीच जमले नाहीत. डिसेंबर १९०८ मध्ये भिसे आपले लंडनमधले काम आवरून मुंबईला निघाले. वय एकेचाळीस, उमेदीची वर्षे विलायतेत गेलेली.

परतीच्या त्या काळातच त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखल्यांशी पडली. गोखलेही १९०८ मध्ये भारतमंत्री मोर्ले यांच्या सुधारणांच्या वाटाघाटींसाठी इंग्लंडमध्ये होते. माणूस पारखण्याची त्यांची हातोटी सर्वश्रुत आहे. त्यांनी भिसे यांना जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे नेले. हे रतन टाटा वेगळ्याच मुशीतले गृहस्थ होते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांचा आधार होता. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला त्यांनी १९०९ साली पंचवीस हजार रुपये पाठवले, आणि पुढे पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्चही उचलला. ज्या कामातून लगेच पैसा परत येणार नाही अशा कामावर पैसा लावणारा धनिक त्या काळी विरळा. १९१० साली टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट स्थापन झाले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. आजच्या बोलीत सांगायचे तर ही एका मराठी माणसाच्या डोक्यावर हिंदुस्थानी पैशाने काढलेली स्टार्टअप कंपनी होती, आणि तिचे मुख्य ठाणे साम्राज्याच्या राजधानीत होते.

सिंडिकेटच्या वर्षांत भिसे यांनी खिळे पाडण्याच्या यंत्रात सुधारणा केल्या, नवी पेटंटे घेतली. एका वेळी अनेक खिळे पाडण्याच्या कल्पनेवर त्यांनी चिकाटीने काम केले. मग १९१४ चा ऑगस्ट उजाडला. इंग्लंडमधले अचूक कामाचे कारखाने तोफगोळ्यांना जुंपले गेले, शिसे आणि अँटिमनी बंदुकीच्या गोळ्यांकडे वळले, कुशल कारागीर फौजेत गेले. छपाईच्या नव्या यंत्रासाठी यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडली नसती. सिंडिकेट युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतच गुंडाळले गेले. रतन टाटांची प्रकृती ढासळत गेली. १९१८ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल इथे ते वारले.

सिंडिकेट निघाले त्याच १९१० सालाशी जोडलेली दुसरी एक मराठी गोष्ट शेजारी ठेवली की चित्र जास्त स्पष्ट होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर भिसे यांच्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांनीही काही काळ मुंबईत काढला, व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवले, बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावात लोखंडी नांगर करायला घेतला. शेतकरी तो नांगर घेईनात, बेळगावची जागा गेली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. १९१० च्या मार्चमध्ये त्या माळावर जो कारखाना सुरू झाला तीच किर्लोस्करवाडी. दोघांनाही त्याच वर्षी एका उदार माणसाचा आधार मिळाला. फरक गिऱ्हाइकाचा होता. किर्लोस्करांचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतच होते. नांगराचा फाळ कुठे बोथट होतो हे शेतकरी येऊन सांगे, पुढच्या ओतकामात सुधारणा होई, आणि विकलेल्या मालाच्या पैशातून पुढची पायरी चढता येई. भिसे यांचे गिऱ्हाईक लंडनचे आणि न्यूयॉर्कचे छापखाने. तिथे प्रवेशालाच पंधरा हजार पौंड लागत, आणि दारात दोन बलाढ्य कंपन्या आधीच उभ्या.

यावरून भिसे यांनी मुंबईतच राहून देवनागरी खिळ्यांचे यंत्र करायला हवे होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो अन्यायाचा वाटतो. मुंबईत तेवढे अचूक यंत्रकाम करणारा कारखाना नव्हता, पेटंटाला बाजार लंडनमध्ये होता, आणि मराठी छापखान्यांना जुळाऱ्याचे हात यंत्रापेक्षा स्वस्त पडत. जिथे मजुरी महाग असते तिथेच मजुरी वाचवणारे यंत्र खपते. भिसे यांच्या यंत्राची गरज त्यांच्या गावाला तेव्हा नव्हती. ज्या गावांना होती, त्यांनी त्यांना आत घेतले नाही.

युद्ध चालू असतानाच भिसे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कला राहिले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करत होता. एका अमेरिकी कंपनीसाठी त्यांनी खिळ्यांचे यंत्र केले, मग १९२० च्या सुमारास ‘आयडियल टाइप कास्टर’ हे नवे, आटोपशीर यंत्र आखून त्यासाठी स्वतःच्या नावाचे कॉर्पोरेशन काढले. पेटंटांची संख्या चाळिसाच्या घरात गेली. पण अमेरिकेचे दारही हळूहळू लोटले जात होते. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदुस्थानी लोक नागरिकत्वाला पात्र नाहीत असा निकाल दिला. मोठ्या कंपन्यांशी टक्कर घेणाऱ्या परक्या शोधकाला अशा देशात भांडवल मिळवणे सोपे नव्हते. खिळ्यांच्या यंत्राने त्यांना इथेही संपत्ती दिली नाही.

संपत्ती आली ती अगदी भलत्या बाजूने. आयोडीन हे औषध म्हणून सर्वांना ठाऊक होते, पण ते सहसा मद्यार्कात मिसळलेले असे. जखमेवर झोंबे. पाण्यात मिसळणारे, पोटात घेता येईल असे आयोडीनचे द्रावण भिसे यांनी तयार केले, आणि विसाच्या दशकात ते ‘ॲटोमिडीन’ या नावाने बाजारात आले. अमेरिकेतले गाजलेले भविष्यवेत्ते एडगर केसी आपल्याकडे येणाऱ्या आजाऱ्यांना ते सुचवत, त्यामुळे त्याचे नाव टिकून राहिले. आजच्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर त्या काळचे दावे तसेच्या तसे उतरणार नाहीत. पण ज्या माणसाने तारुण्य धातूच्या रसात घातले त्याला उतारवयात चार पैसे रसायनाच्या बाटलीने मिळवून दिले. १९२७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये लोटस फिलॉसॉफी सेंटर काढले, सर्व धर्मांच्या तत्त्वज्ञानाच्या चर्चेसाठी. मृतात्म्यांशी संवाद साधू पाहणाऱ्या टंकयंत्राचाही प्रयोग त्यांनी केला. एडिसनलाही उतारवयात याच विषयाने खुणावले होते. १९३० मध्ये या दोघांची भेट झाली. एडिसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी गेले.

एडिसनशी केलेली तुलना गौरवाची आहे, पण तिच्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. एडिसनपाशी मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती, पगारी सहायकांचा ताफा होता आणि मॉर्गनसारख्या सावकाराचा पैसा होता. भिसे यांच्यामागे उभे राहिले ते दादाभाई, हाइंडमन, गोखले असे राजकारणातले लोक. त्यांनी शब्द टाकला, पत्रे लिहिली, ओळखी करून दिल्या. एकट्या रतन टाटांनी खरोखरचा पैसा लावला. त्या पिढीच्या पुढाऱ्यांना उद्योगाचे महत्त्व कळत नव्हते, हा आरोप यानंतर करवत नाही. त्यांना ते पुरते कळत होते. देशात शोधकाला दहा-पंधरा वर्षे पोसणारी बँक नव्हती, कारखाना नव्हता, सरकार तर परक्यांचेच होते. जमशेटजींनी कल्पिलेली बंगळूरची विज्ञान संस्था विद्यार्थ्यांना खुली झाली तेव्हा, १९११ साली, भिसे चव्वेचाळीस वर्षांचे होते.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी थोडीच वर्षे, त्यांच्याच शहरात राहणाऱ्या हरी गोविल या हिंदुस्थानी गृहस्थांनी मर्गेनथालर लायनोटाइप कंपनीबरोबर काम करून देवनागरीची अक्षरे लायनोटाइपच्या कळांवर बसवली होती. देवनागरीचा मोनोटाइपही याच सुमारास आकाराला येत होता. पुढच्या काही दशकांत मराठी दैनिकांच्या छापखान्यांत ही दोन्ही यंत्रे बसली. त्यांची किंमत डॉलरांत आणि पौंडांत मोजावी लागली, आणि एखादी मातृका झिजली की तीही समुद्रापलीकडून मागवावी लागे.